निळा, पिवळा आणि मधला हिरवा

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामात सणानिमित्त मुलांची चित्रकला स्पर्धा भरवली होती. विषय सोपा होता, 'माझे घर'. परीक्षक या नात्याने रांगांमधून फिरताना सात-आठ वर्षांच्या एका मुलीच्या चित्रापाशी मी थांबलो. विहीर, केळीची बाग, ओटीवर तांदूळ निवडणारी आजी, शेजारी आई आणि मध्ये ती स्वतः. आजीचे लाल लुगडे तर तिने फार मनापासून रंगवले होते. परंतु तिघींचेही चेहरे फिकट गुलाबी होते. "हा कुठला रंग गं, बाळ?" मी विचारले. "फादर, हा स्किन कलर आहे," तिने शांतपणे उत्तर दिले. ज्या हातात तो खडू होता तो हात सावळा होता. स्वतःच्या हातापेक्षा खडूच्या पेटीवर तिचा अधिक विश्वास होता.

त्या मुलीला बक्षीस मिळाले की नाही, हे आता आठवत नाही. तिच्या आजीचा गुलाबी चेहरा मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही. आपण कोण, आपण कसे दिसतो, कोणता चेहरा 'खरा' आणि कोणता जमेस न धरण्याजोगा, हे मूल कुठे शिकते? घरात आणि शाळेत शिकते, हे तर खरेच. परंतु अक्षरओळख होण्याच्या कितीतरी आधी ते चित्रे पाहू लागते. चित्रपुस्तक हे त्याच्या आयुष्यातले पहिले साहित्य होय. आपल्याकडे मोठ्यांच्या कादंबरीवर परिसंवाद होतात. चित्रपुस्तक मात्र वाढदिवसाच्या खाऊबरोबर द्यायची वस्तू मानले जाते. म्हणूनच दोन चित्रपुस्तकांकडे साहित्य म्हणून पाहण्याचा हा प्रयत्न आहे. दोन्ही अमेरिकेत, तीन वर्षांच्या अंतराने निर्माण झाली. दोन्हींचा विषय रंग आणि ओळख हाच आहे. तरीही त्यांच्या वाटा अगदी वेगळ्या आहेत.

पहिले पुस्तक लिओ लिओनी यांचे 'लिटल ब्लू अँड लिटल यलो' (१९५९). लिओनी यांचा जन्म १९१० साली अ‍ॅमस्टरडॅम येथे झाला. वडील ज्यू, आई ज्यू नसलेली. तारुण्याचा बराच काळ इटलीत गेला. १९३८ साली तेथे ज्यूविरोधी वांशिक कायदे आले आणि १९३९ साली लिओनी अमेरिकेला गेले. जाहिरात आणि नियतकालिकांची मांडणी या क्षेत्रांत त्यांनी नाव कमावले. मुलांसाठी पुस्तक करण्याचा त्यांचा विचारही नव्हता. एकदा ते दोन नातवंडांना घेऊन न्यूयॉर्कहून आगगाडीने घरी निघाले होते. मुले चुळबुळ करू लागली, तेव्हा आजोबांनी हातातल्या 'लाइफ' साप्ताहिकाची पाने फाडली, रंगीत तुकडे काढले आणि ते मांडून एक गोष्ट रचली. त्या गोष्टीचे पुढे पुस्तक झाले. तेव्हा लिओनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते.

गोष्ट अशी आहे. छोटा निळा आणि छोटा पिवळा हे जिवलग मित्र समोरासमोरच्या घरांत राहतात. एके दिवशी आई घरीच थांबायला सांगून बाजाराला जाते, पण निळ्याला राहवत नाही. तो मित्राला शोधायला निघतो. पिवळ्याचे घर रिकामे असते. इकडेतिकडे शोधून अखेर एका कोपऱ्यावर दोघांची गाठ पडते. आनंदाने ते एकमेकांना इतकी घट्ट मिठी मारतात की दोघे मिळून हिरवे होतात. मग बागेत खेळून, डोंगर चढून, दमून घरी येतात, तर आईबाप त्यांना ओळखत नाहीत. निळ्याच्या घरी सांगतात की हा हिरवा आमचा नव्हे. पिवळ्याच्या घरीही तेच. मुले रडू लागतात. निळे आणि पिवळे अश्रू ढाळता ढाळता त्यांचे सारे अंगच अश्रू होऊन जाते. त्या अश्रूंतून निळा निळा म्हणून आणि पिवळा पिवळा म्हणून पुन्हा उभा राहतो. आता आईबापांना आनंद होतो. ते मुलांना पोटाशी धरतात आणि पाहतात तो काय, मिठीत त्यांचाही रंग हिरवा होतो! तेव्हा कुठे त्यांना उमगते की काय घडले होते.

या पुस्तकात एकही चेहरा नाही. डोळे, नाक, हात, पाय काही नाही. फक्त फाडलेल्या कागदाचे तुकडे आहेत, थोडे ओबडधोबड कडांचे. आईबाप म्हणजे मोठे तुकडे, शाळा म्हणजे रांगेत बसवलेले ठिपके. तरीही तीन-चार वर्षांचे मूल एका क्षणात त्या ठिपक्यांना 'हा', 'तो', 'त्याची आई' म्हणू लागते. प्रतीक म्हणजे काय, हे आम्हांला सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या तासाला अनेक व्याख्यांनिशी शिकवले गेले. ते मला या पुस्तकाने अधिक नीट समजावले. प्रतीकाचा अर्थ मूल फोडून पाहत नाही. ते त्याच्या आत जाऊन बसते. प्रभू येशूच्या दृष्टांतांचेही असेच आहे. ऐकणारा आधी त्या गोष्टीतल्या वाटेवर चालू लागतो, अर्थ त्याला नंतर गाठतो.

मोठी माणसे मात्र पानावर येतानाच आपले अर्थ सोबत आणतात. जून २०१५ मध्ये व्हेनिसच्या नव्या महापौरांनी बालवाड्यांतून एकोणपन्नास पुस्तके काढून घेण्याचा आदेश दिला. स्त्री-पुरुष भेद आणि कुटुंबाची रचना यांविषयी ती मुलांच्या मनात गोंधळ निर्माण करतील, अशी भीती त्यामागे होती. त्या यादीत लिओनींचे हे पुस्तकही होते. विरोध झाल्यावर बहुतेक पुस्तके परत ठेवण्याचे जाहीर झाले. आईबापांची काळजी मी हसण्यावारी नेत नाही. माझ्याकडे रोज येणाऱ्या कुटुंबांत ती मी पाहतो, आणि मुलाच्या हाती काय द्यावे हा विचार करण्याचा त्यांचा हक्कही मानतो. परंतु ज्या पुस्तकात आईबाप आपल्या मुलाला ओळखत नाहीत आणि त्यामुळे मूल अश्रू होऊन जाते, तेच पुस्तक आईबापांनी न ओळखावे, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. आपल्याकडेही रंग मोकळे राहिलेले नाहीत. कोणता रंग कोणाच्या झेंड्याचा, हे आपण मोठ्यांनी ठरवून टाकले आहे. 'हिरवा' हा शब्द वाचताच आपल्या मनात जे येते ते त्या मुलाच्या मनात नसते. त्याला एवढेच माहीत असते की दोन रंग एकत्र आले की तिसरा होतो.

हे पुस्तक मला फार प्रिय आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी ते अनेकदा वापरले आहे. तरीही समीक्षक म्हणून एक शंका नोंदवणे भाग आहे. कथेत हिरव्या मुलाला घरी परत जायचे तर हिरवेपण रडून टाकावे लागते. आईबापांना समज येते ती नंतर. आधी मुलाने मूळ रंगात परत यायचे, मग त्याला घरात घ्यायचे. ज्याचे हिरवेपण एका दुपारच्या खेळातून आले आहे त्याला हे जमेल. पण जे मूल जन्मापासूनच हिरवे आहे, त्याने काय करावे?

हा प्रश्न आपल्या घरांपासून दूर नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत आली, त्याला चारशेहून अधिक वर्षे होऊन गेली. तरी आजही आपल्या मुलाला वर्गात कोणीतरी विचारते, "तुम्ही घरी मराठीच बोलता?" विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो, नुसते आश्चर्य असते. उलट बाजूने, आपल्यातीलच काही घरांत मराठी बोलणारे मूल पाहुण्यांसमोर जरा मागे सारले जाते. निळ्याच्या दारातही 'हा आमचा नव्हे', पिवळ्याच्या दारातही तेच. आपल्या मुलाला आपले मराठीपण किंवा आपले ख्रिस्तीपण रडून टाकता येत नाही, आणि त्याने ते टाकूही नये. लिओनींचे रंगीत ठिपके त्याच्या दुःखाला नाव देतात. त्याचा चेहरा मात्र दाखवत नाहीत. ठिपक्याला चेहरा नसल्यामुळे तो सर्वांचा होऊ शकतो, आणि त्याच कारणाने कोणा एकाचा होत नाही.

आता दुसरे पुस्तक. एझ्रा जॅक कीट्स यांचे 'द स्नोई डे' १९६२ साली प्रसिद्ध झाले. पोलंडहून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबात १९१६ साली ब्रुकलिन येथे जन्मलेल्या या चित्रकाराचे मूळ नाव जेकब एझ्रा कॅट्झ. दुसऱ्या महायुद्धानंतर, ज्यूंविषयीच्या आकसाचा अनुभव आल्यामुळे, त्यांनी ते बदलले. नाव बदलल्याशिवाय दार उघडत नाही म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. १९४० साली त्यांनी 'लाइफ' साप्ताहिकातून एका लहान कृष्णवर्णीय मुलाची छायाचित्रे कापून ठेवली. रक्ततपासणीसाठी आलेल्या त्या मुलाच्या चेहऱ्यावरचे भाव पानभर उमटले होते. ती कात्रणे वीसेक वर्षे कीट्स यांच्याजवळ राहिली. त्या काळात इतरांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढताना त्यांच्या लक्षात आले की कोणत्याही कथेत असा मुलगा नायक नसतो. स्वतःचे पुस्तक करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी तोच मुलगा नायक केला आणि त्याचे नाव पीटर ठेवले. दोन्ही पुस्तके एका अर्थाने एकाच साप्ताहिकाच्या पानांतून निघाली: एकाने पाने फाडून केवळ रंग घेतला, दुसऱ्याने पान कापून चेहरा जपला.

पीटरच्या गोष्टीत संघर्ष म्हणावा असा नाहीच. रात्री बर्फ पडलेले असते. सकाळी उठून तो टोपीचा लाल पोशाख चढवतो आणि बाहेर पडतो. पाऊल बाहेर वळवून, मग आत वळवून, मग फरफटत चालतो आणि मागे उमटलेल्या खुणा पाहतो. काठीने झाड हलवतो, तर बर्फ त्याच्याच डोक्यावर पडते. मोठी मुले बर्फाचे गोळे फेकत असतात. आपण अजून तेवढे मोठे नाही हे त्याला कळते. मग तो एकटाच खेळतो. संध्याकाळी बर्फाचा एक गोळा घट्ट वळून, उद्यासाठी म्हणून खिशात ठेवतो आणि उबदार घरात येतो. आई ओले मोजे काढते. झोपण्यापूर्वी तो खिसा पाहतो, तर खिसा रिकामा! त्याला फार वाईट वाटते. रात्री स्वप्नात ऊन सारे बर्फ वितळवून टाकते. पण सकाळी बर्फ जिथल्या तिथे असते, वर आणखी पडत असते. तो समोरच्या घरातल्या मित्राला हाक मारतो आणि दोघे मिळून बाहेर जातात.

पीटर कृष्णवर्णीय आहे, हे मजकुरात कुठेही म्हटलेले नाही. ते फक्त चित्रात आहे. पुस्तकाला १९६३ सालचे कॅल्डेकॉट पदक मिळाले, पण याच मुद्द्यावर टीकाही झाली. नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ साली 'सॅटरडे रिव्ह्यू'मध्ये मुलांच्या पुस्तकांतील गोऱ्या जगावर एक गाजलेला लेख लिहिला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत प्रसिद्ध झालेल्या ५,२०६ बालपुस्तकांपैकी केवळ ३४९ पुस्तकांत एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती होती, म्हणजे शंभरांत सातही नाहीत. त्याच लेखात त्यांनी कीट्स यांनाही बोल लावला: मजकूर मुलाच्या वर्णाविषयी गप्प राहतो, आणि भडक पोशाखातील त्याची स्थूल आई गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या दाईच्या जुन्या ठोकळेबाज चित्राची आठवण करून देते.

या टीकेतले दुसरे टोक विचारात घेण्यासारखे आहे. परक्याने काढलेल्या चित्रात जुन्या सवयीचा अंश नकळत उतरू शकतो. परंतु कीट्स यांनी त्या आईचा पोशाख कशातून केला हे कळल्यावर माझे मत थोडे मऊ झाले. फडताळात अंथरायचे मेणकापड कापून त्यांनी तो केला होता. अंथरुणासाठी चित्रकाराचे जाड कापड, हिमकणांसाठी खोडरबरात कोरलेले ठसे, झोपेच्या पानावरील करड्या भिंतीसाठी दात घासायच्या ब्रशने उडवलेली शाई. सारे साहित्य घरातले. गरीब घरात वाढलेल्या माणसाने आईला स्वयंपाकघरातल्या कापडात पाहावे, यात हेटाळणीपेक्षा आठवण अधिक असावी, असे मला वाटते.

पहिला आक्षेप मात्र मला मान्य नाही. मजकुराने वर्णाचा उल्लेख केला असता, तर पीटर एका प्रश्नाचे उदाहरण झाला असता. तसे न केल्यामुळे तो मुलगा राहिला. गोऱ्या मुलाच्या गोष्टीत 'हा गोरा आहे' असे कोणी लिहीत नाही. त्याला बर्फात खेळायला परवाना लागत नाही. तोच मान कीट्स यांनी पीटरला दिला. पांढऱ्या शुभ्र पानावर तो लाल पोशाख आणि तो तपकिरी चेहरा इतका ठाम उभा आहे की स्पष्टीकरणाची गरजच उरत नाही. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १२५ व्या वर्षानिमित्त जानेवारी २०२० मध्ये, तोवर सर्वाधिक वेळा वाचायला नेलेल्या पुस्तकांची यादी काढली. तिच्यात हे पुस्तक पहिले होते, ४,८५,५८३ वेळा. एका विशिष्ट मुलाचा विशिष्ट चेहरा इतक्या घरांत शिरला.

आणि त्या पुस्तकातले खरे प्रतीक कोणते? माझ्या मते, खिशातला बर्फाचा गोळा. मला आवडलेले काहीतरी उद्यासाठी माझ्यापाशी राहावे, ही आशा, आणि रिकाम्या खिशात हात घातल्यावर होणारे ते पहिले दुःख. हा अनुभव ज्याने आयुष्यात बर्फ पाहिले नाही अशा वसईच्या मुलालाही कळतो. त्याने खिशात काजवा ठेवलेला असतो. म्हणून दोन्ही पुस्तकांची तुलना करताना मी पूर्वी लिओनींकडे झुकत असे, आता कीट्स यांच्याकडे झुकतो. लिओनी सर्वांविषयी बोलण्यासाठी चेहरा पुसतात. कीट्स एका चेहऱ्यावर प्रेम करतात आणि त्यातून सर्वांपर्यंत पोहोचतात. देवपुत्राने मानवजातीचा विचार करताना एका गावातल्या एका आईच्या पोटी, एका विशिष्ट देहात जन्म घ्यावा, असे मानणाऱ्या आपल्यासारख्यांना तरी हा मार्ग अनोळखी वाटू नये.

येथे आपल्या भिंतींवरील चित्रांकडेही पाहावे लागते. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात दीर्घकाळ काम केलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी पवित्र मरियेला साडी नेसवली, तिला आपल्या मातीचा वर्ण दिला. त्यासाठी त्यांना स्वकीयांचाच रोष पत्करावा लागला. सोनेरी केसांच्या, निळ्या डोळ्यांच्या चित्रांपुढे गुडघे टेकून वाढलेल्या मुलाने पवित्रतेचा रंगही 'स्किन कलर'च असतो असे समजावे, यात नवल ते काय?

अमेरिकेतील अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली असे मांडले की मुलांची पुस्तके ही आरशासारखी असतात आणि खिडकीसारखीही. आरशात मूल स्वतःला पाहते, खिडकीतून दुसऱ्याला. ज्या घरात फक्त खिडक्या असतात तेथील मुलाला आपण जगात नाहीच असे वाटू लागते. फक्त आरसे असतील, तर जगात आपणच आहोत असे वाटते. मराठीत आरसे अगदीच नाहीत असे नाही. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'मध्ये घरातली माणसे ओळखीच्या चेहऱ्यांची, ओळखीच्या पसाऱ्यात वावरणारी आहेत. ती आपल्याही मुलांच्या हाती द्यावीत. मात्र लुगडे नेसून मिस्साला जाणारी आजी, ओटीवर म्हटला जाणारा रोजरी, केळीच्या बागेत उभा असलेला क्रूस, हे घर मला अजून चित्रपुस्तकात भेटलेले नाही. ते दुसऱ्या कोणी काढून द्यावे याची वाट पाहणे योग्य नव्हे. लिओनींना एक साप्ताहिक आणि आगगाडीचा प्रवास पुरला. कीट्स यांना मेणकापड आणि खोडरबर पुरले.

आपल्या तरुण चित्रकारांनी आणि शिक्षिकांनी या कामाला हात घालावा, अशी माझी विनंती आहे. पुस्तक उपदेशपर नसावे. 'आम्हीही मराठीच आहोत' असे त्यात एकदाही म्हणू नये. आजी विहिरीवर जावी, नात मागे धावावी, काहीतरी हरवावे, काहीतरी सापडावे. एवढे पुरे. आणि ते पुस्तक केवळ आपल्याच घरांत ठेवू नये. शेजारच्या मुलालाही द्यावे. आपला आरसा ही त्याची खिडकी होय.

त्या स्पर्धेनंतर मी खडूंची एक पेटी घरी आणून ठेवली आहे. कोणी मूल भेटायला आले की आम्ही तपकिरीत थोडा पिवळा, थोडा लाल मिसळून पाहतो आणि रंग हाताशेजारी धरून ताडतो. अजून एकदाही पहिल्या प्रयत्नात जुळलेला नाही. प्रत्येक हाताला निराळा रंग लागतो, हे मुले स्वतःच शोधून काढतात.